खिळा कुणी मारायचा?

वडगावात भाड्याची खोली बघायला गेलेला माणूस आधी वर बघतो. पंखा आहे की नुसता हूक? मग मोरीतला नळ सोडून बघतो, खिडकीची कडी लागते का बघतो. तेवढ्यात घरमालकीण काकू दारातूनच सांगतात, "हे बघा, भिंतीला खिळा मारायचा नाही. आत्ताच रंग दिलाय." भाडं किती, अनामत किती, लाईटबिल कसं, ही बोलणी त्यानंतरची.

एका खिळ्यावर आख्खं व्याख्यान म्हणजे जरा अतिच झालं, असं पुढच्या रांगेतल्या मंडळींना वाटेल. पण खिळा नाही म्हणजे आरसा नाही, फळी नाही, कॅलेंडर नाही. देवघर फ्रीजवर, आरसा खिडकीच्या गजाला टेकवून. माणूस त्या खोलीत दहा वर्षं काढतो, पोरगं बालवाडीतून चौथीत जातं, तरी मिक्सरचं खोकं माळ्यावर जपलेलं असतं. टीव्हीचंही, आतल्या थर्माकोलसकट. उद्या खोली सोडायची झाली तर भरायचं कशात? आपल्याकडं भाड्याच्या घरातलं सामान असं निघण्याच्या तयारीत मांडलेलं असतं: घडीची कॉट, प्लास्टिकचं रॅक, चाकं लावलेला सिलिंडर.

२०११ च्या जनगणनेत शहरी भारतातली २७ टक्क्यांहून अधिक कुटुंबं भाड्याच्या घरात राहत होती. वडगावही येणाऱ्या-जाणाऱ्यांचं गाव. एकीकडं वाठारची कॉलेजं, हायवेला लागलं की शिरोलीची एमआयडीसी. बदलीवर आलेला बँकेतला माणूस, पाळीवर जाणारा कामगार, शिकायला आलेली पोरं, नव्यानं संसार थाटलेलं जोडपं, या सगळ्यांना खोली लागते. पूर्वी ती कुणाच्या तरी सोप्यात मिळायची. कौलारू छप्पर, शेणानं सारवलेली नाहीतर शहाबादी फरशी, भिंतीत कोनाडे आणि लाकडी खुंट्या. ओल होती, उंदीर होते, संडास परसात होता. त्या घरांचे फार गोडवे गायचं कारण नाही. पण कोनाडा आणि खुंटी घराबरोबरच मिळत असे. दिवा ठेवायला, सदरा अडकवायला भाडेकरूला कुणाची परवानगी मागावी लागत नव्हती. स्लॅबची घरं आली तशी भिंत सपाट आणि चार इंची झाली, कोनाडा गेला, आणि भांडण खिळ्यावर आलं.

काकूंची बाजूही ऐकायला हवी. चार इंची भिंतीत हातोडीनं खिळा ठोकला की गिलाव्याचा रुपयाएवढा टवका उडतो, खिळा वाकतो, मग शेजारी दुसरा. भाडेकरू गेला की भिंत देवी आल्यासारखी दिसते. पण यावर उपाय सोपा आहे. खोली भाड्यानं देण्याआधीच मालकानं ड्रिलनं भोकं पाडून, प्लग घालून प्रत्येक खोलीत एक लाकडी पट्टी आणि हुकांची ओळ लावून द्यावी. अर्ध्या दिवसाचं काम. रंगावर हजारो रुपये घालणारा मालक या पट्टीला मात्र का बिचकतो, हे कोडंच आहे.

खिळ्याहून मोठं दुखणं ओलीचं. जुलैत कपाटामागं हात घातला की भिंत गार लागते, ऑगस्टात पोपडे सुटतात, आणि दिवाळीच्या तोंडावर मालक वरून रंगाचा हात मारून देतो. रोग मात्र दुसरीकडंच असतो: गच्चीच्या कठड्याची भिंत स्लॅबला मिळते तिथली चीर, वरच्या मोरीचा पाझरणारा पाईप, नाहीतर तळमजल्यावर पायातून वर चढणारं पाणी. त्या पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी सुकतं, क्षार भिंतीवर पांढरे होऊन बसतात. यालाच लोणा लागला म्हणतात. अशा भिंतीला प्लास्टिक पेंट फासला की आतलं पाणी अडतं आणि रंगाला फोड येतात. चुन्याचा हात दिला तर भिंत निदान वाळते तरी. भाडेकरूच्या वस्तूंवर या ओलीची खूण लगेच दिसते. प्लायवूडचं कपाट तळाशी फुगून त्याचं दार लागेनासं होतं. म्हणून वडगावातल्या कितीतरी खोल्यांत लोखंडी कपाट चार विटांवर उभं असतं आणि गादी भिंतीपासून वीतभर लांब.

विजेचं त्याहून अवघड. खोलीत एक ट्यूब, एक पंखा, एक सहा अँपिअरचा प्लग, एवढ्या हिशोबानं वायरिंग केलेलं असतं. त्या प्लगवर जेमतेम १,४०० वॅटचा भार चालतो. इंडक्शन शेगडी आणि गिझर दोन्ही सर्रास २,००० वॅटची. एक्स्टेन्शन बोर्ड आला की प्लग तपकिरी पडतो, जळका वास येतो, आणि "तुमच्याच शेगडीनं झालं" इथून वाद सुरू होतो. अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आली आहे का, हे खोली बघायला आलेला माणूस विचारत नाही. पंखा आणि नळ बघणाऱ्यानं हेही विचारावं.

दुरुस्ती कुणी करायची, या प्रश्नाला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं पुष्कळ जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचंच होतं. पण गोठलेलं भाडं पुढं पन्नास वर्षं वितळलं नाही. पुण्यातल्या वाड्यांत आणि मुंबईच्या चाळींत महिना वीस-पंचवीस रुपये घेणारा मालक कौलं चाळायला माणूस लावीना, आणि आपली नसलेली भिंत भाडेकरूही बांधीना. जिने लटकू लागले. मुंबईत तर १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदा करून उपकर लावावा लागला. अखेर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी झाल्याचं सांगितलं. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली.

याच कायद्याचं कलम १४ फार थोड्यांना माहीत असतं. उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. भाडेकरूनं किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. तरीही वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा एका वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याची. समजा भाडं महिना ४,००० रुपये. वर्षाचे झाले ४८,०००, चौथा हिस्सा १२,०००. एवढ्यात मोरीचा पाईप बदलून होईल, आख्ख्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग होणार नाही. तरी मालकाशी बोलायला कागदाचा आधार मिळतो.

मेख अशी की हा कायदा अनुसूचीत नोंदलेल्या शहरा-गावांपुरता आहे. इतरत्र १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बघावा लागतो. आणि हल्ली बहुतेक कागद 'लिव्ह अँड लायसन्स'चे असतात. त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानगीनं राहणारा असतो. त्याच्या हक्काचा मुख्य आधार म्हणजे करारात लिहिलेलं वाक्य. तिथं भिंतीच्या ओलीबद्दल काही लिहिलेलं नसलं तर पुढं बोलायला तोंड राहत नाही.

अकरा महिन्यांच्या कराराची गंमत तर वेगळीच. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी अकराचा आकडा शोधला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालवला. पण १९९९ चा कायदा जिथं लागू आहे तिथं कलम ५५ प्रमाणे अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणीचा खर्च वाचवणाऱ्या मालकानं हे वाक्य दोनदा वाचावं. लिव्ह अँड लायसन्स तर साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो. पाच वर्षांचा कागद हातात असलेला माणूस स्वतःच्या पैशानं खिडकीला जाळी बसवतो, ओट्यावर टाईल्स लावतो. अकरा महिनेवाला झुरळांशी जुळवून घेतो.

जर्मनीत नोकरीला गेलेली मराठी कुटुंबं पहिलं घर बघताना हबकतात. कितीतरी घरांत स्वयंपाकाचा ओटा नसतो, कपाटं नसतात, छतातून दिव्याच्या नुसत्या वायरी लोंबतात. आधीच्या भाडेकरूकडून ओटा विकत घ्या, नाहीतर नवा आणा. पण एकदा राहायला गेलं की लोक तिथं वीस-वीस वर्षं राहतात, आणि भिंतीला भोकं पाडून फळ्या लावणं हा राहण्याचाच भाग समजला जातो. अनामत कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी. किल्ल्या देताना दोघं मिळून खोलीन्‌खोली फिरतात, मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, भिंतीवरचा ओरखडा, सगळं लिहून दोघंही सही करतात.

आपल्याकडं केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा नमुना राज्यांपुढं ठेवला. त्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती आणि कामांची वाटणीही केलेली. भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, नळाचे पाईप, मुख्य वायरिंग मालकाकडं. नळाचा वॉशर, गटाराची सफाई, स्विच-सॉकेट, गिझरची दुरुस्ती, खिडकीची फुटलेली काच भाडेकरूकडं. वाटणी बरी आहे, पण खिळ्याचा उल्लेख तिथंही नाही.

खोलीचा ताबा घेताना जर्मनीतल्यासारखी यादी आपल्यालाही वहीच्या एका पानावर करता येते. पंखे दोन, पैकी एक आवाज करतो. ट्यूब तीन. मोरीची फरशी दाराजवळ फुटलेली. पूर्वेच्या भिंतीला जमिनीपासून दोन फूट ओल. सोबत मोबाईलवर काढलेले फोटो, आणि तेच फोटो काकूंच्याही मोबाईलवर. खोली सोडताना "हा टवका आधीचाच" हे तोंडी पटवण्यात जो अर्धा दिवस आणि जी अर्धी अनामत जाते, ती दोन्ही वाचतात.

राहिला प्रश्न भाडेकरूनं स्वतः लावलेल्या वस्तूंचा. १८८२ च्या कायद्यातलं कलम १०८ सांगतं की करारात वेगळं काही नसेल तर स्वतः बसवलेली वस्तू ताबा सोडण्याआधी काढून नेता येते, फक्त जागा मिळाली होती तशी परत करावी लागते. म्हणून टेम्पो दारात लागला की आधी पंखा उतरतो, मग खिडकीची जाळी, मग मोरीतला शॉवर. स्वयंपाकघरात भिंतीत रोवलेली कडाप्पाची फळी मात्र कुणी काढत नाही. ती काढायची तर भिंतच फुटते. नव्या भाडेकरूच्या बरण्या दुसऱ्या दिवशी तिच्यावर लागतात, आणि काकू तिसऱ्याला खोली दाखवताना सांगतात, "हे बघा, कडाप्पा आम्हीच बसवून दिलाय."