सत्तरच्या पुढे गाडी थरथरते तेव्हा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत, गटाची पिकअप स्वतः चालवणाऱ्या एका ताईंनी केलेलं भाषण)

मला बोलायला उभं केलंय ते गाडीबद्दल. ज्यांच्या गटात पिकअप आहे किंवा घ्यायची चाललीय, त्यांनी जरा पुढे सरका.

आमच्या गटाची पिकअप नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेते. शेतातला रस्ता खराब, गाडी खाली घासायची. म्हणून आम्ही २१५/७५ आर १५ चे टायर काढून २३५/७५ चे बसवले. कागदावर फरक फक्त ३ सेंटीमीटर उंचीचा. पण हायवेला लागलं आणि सत्तरच्या पुढे स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की हाताला मुंग्या. खालच्या कॅरेटमधला माल दबला, व्यापाऱ्याने भाव पाडला. कर्जाचा हप्ता मात्र काही पडत नाही, तो तेवढाच!

एका मेकॅनिकने गाडी न चालवताच सांगितलं, प्रोपेलर शाफ्ट बदला. खर्च ऐकून आम्ही गप्पच बसलो. मग ठरवलं, आधी आपण बघू.

रिकामी गाडी, मोकळा सरळ रस्ता. पहिलं बघा, थरथर लागते कुठे. स्टिअरिंगला लागली तर बहुधा पुढची चाकं. बसायच्या सीटला, पाठीला लागली तर मागची चाकं किंवा शाफ्ट. आमची स्टिअरिंगलाच होती. मग त्याच वेगात क्लच दाबला. थरथर तशीच, म्हणजे इंजिन नाही. ॲक्सिलरेटर सोडला, परत दिला, काही फरक नाही. शाफ्टचा क्रॉस गेला असता तर जोर दिल्यावर जास्त जाणवलं असतं. ब्रेक हलकाच लावला, तरी वाढली नाही. ब्रेक लावल्यावरच वाढणारी थरथर डिस्क-ड्रमची असते, ती वेगळी.

राहिली चाकं. खात्री करायला पुढची दोन मागे, मागची दोन पुढे टाकली. परत चक्कर मारली तर स्टिअरिंग शांत आणि सीट थरथरायला लागली! दुखणं चाकांबरोबर मागे गेलं. शाफ्टचे पैसे तिथेच वाचले.

आता कारण ऐका, हे मला फार उशिरा कळलं. टायरवाल्याने नवे टायर चढवले, पण बॅलन्सिंग केलंच नाही. जुन्या टायरसाठी रिमला ठोकलेले शिशाचे तुकडे तसेच ठेवले. जुन्या नवऱ्याच्या मापाचा सदरा नव्याला घातल्यासारखं झालं. (हसू नका, पुढे ऐका.) ८० च्या वेगात हे चाक सेकंदाला जवळजवळ दहा फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला नुसता ५० ग्रॅमचा फरक असला तरी प्रत्येक फेरीला साडेतीन किलोचा झटका बसतो. वेग निम्मा केला की झटका चौथाई होतो, म्हणून गावात काहीच कळत नव्हतं.

दुसरी गोष्ट आम्हीच पकडली. बाकीच्या चाकांना दगड लावून, ते चाक जॅकवर उचललं. टायरजवळ वीट ठेवून हाताने फिरवलं. एका जागी टायर विटेला घासायचा, बाकी ठिकाणी फट. रिमलगतची बारीक रेघ बघितली तर एका बाजूला आत गेलेली. टायर रिमवर नीट बसलाच नव्हता. दुसऱ्या दुकानात हवा सोडून, साबणाचं पाणी लावून परत बसवला. जुनी शिसं काढून चारही चाकं मशीनवर बॅलन्स केली, मग अलाइनमेंट. रिमच्या आत वाळलेला चिखल होता तोही खरवडला. नुसत्या चिखलानेसुद्धा गाडी थरथरते, पावसाळ्यात लक्षात ठेवा.

आणि ज्याने माझी झोप उडाली ते सांगते. चाकं काढताना दोन नट हाताने फिरत होते. हाताने! त्याच चाकावर मी माल घेऊन घाट उतरले होते. नट आवळताना एक झाला की समोरचा घ्यायचा, ओळीने नाही. चाक काढून बसवलं की ५० ते १०० किलोमीटरनंतर परत आवळायचे.

मोठे टायर घेऊन फायदा झाला का, असं अध्यक्षताईंनी विचारलं. खरं सांगायचं तर फार नाही. गाडी खाली घासत नाही, पण चढाला ओढ कमी झाली आणि पूर्ण वळवली की टायर आतून घासतो. काटा ७७ दाखवतो तेव्हा गाडी खरी ८० ला असते. पुढच्या वेळी आम्ही मूळ मापच घेणार. तुम्ही बदलणारच असाल तर मोठं माप गाडीच्या कंपनीला आणि नोंदणीला चालतं का, टायरची भार पेलायची क्षमता पुरते का, ते आधी विचारा. अपघात झाल्यावर विमावाले विचारतात. आणि बॅलन्सिंग पावतीवर लिहून घ्या.

गाडी बाहेर उभी आहे, पान्हा सीटखाली आहे. चहा झाला की ज्यांना नट आवळून बघायचेत त्यांनी माझ्याबरोबर या.