उरलेल्या गोळ्यांचा डबा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. कलाशाखेचे साधे पदवीधर. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, कारण प्रत्येक बदलीबरोबर आमच्या ट्रंकेतून एक डबा गावोगाव हिंडला आहे. मागील दुखण्यातून उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या त्यात असत. परमुलखात डॉक्टर अनोळखी, भाषा परकी. तेव्हा घसा दुखला की डबा उघडावयाचा, आणि शेजाऱ्यांनाही त्यातील चार गोळ्या मोठ्या मायेने द्यावयाच्या. हा परोपकार किती घातक होता, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात त्यांनी एका कल्पित गृहस्थाची हकीकत सांगितली. घसा दुखतो म्हणून हे गृहस्थ आपल्याच मनाने अपुरे पेनिसिलिन घेतात. जंतू मरत तर नाहीतच, उलट औषधाला तोंड देण्यास शिकतात. तेच पुढे पत्नीस लागतात; तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, आणि ती दगावते. आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले, त्याच्या दहा वर्षे आधीची ही गोष्ट! औषध दारी येण्यापूर्वीच इशारा येऊन ठेपला होता.

‘शिकतात’ हे आम्ही सोयीसाठी म्हटले. वस्तुतः कोट्यवधी जंतूंत काही मूळचेच चिवट असतात. औषधाने बाकीचे मरतात आणि चिवटांना रान मोकळे मिळते. हा गुण ते इतर जातींच्या जंतूंनाही देऊ शकतात. सर्दी किंवा फ्लू तर विषाणूंमुळे होतात. तेथे प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही. चिठ्ठीवाचून ही औषधे विकण्यास कायद्याने मनाई आहे. यांपैकी अनेक औषधांच्या विक्रीची नोंद रुग्णाच्या व डॉक्टरच्या नावासह ठेवण्याचे बंधन दुकानदारावर मार्च २०१४ पासून आहे. कायदा कागदावर किती आणि गल्ल्यावर किती, हे आपण सारे जाणतोच; सरकारी नोकराने अधिक काय बोलावे?

रुग्णालय म्हणजे अशा चिवट जंतूंचे माहेरघरच. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी पाहिले की, शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी ज्या कक्षात बाळंतपणे करीत, तेथे त्या एप्रिलात शेकडा १८ बाळंतिणी दगावल्या. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती होताच हा आकडा काही महिन्यांत २ च्या आसपास आला. जंतूंचा सिद्धांत तेव्हा सिद्धही झालेला नव्हता. सहकाऱ्यांना मात्र आपलेच हात दोषी मानणे जड गेले.

आम्हांसही ते जड जाते. गेल्या वर्षी मंडळातील एका वहिनींचे मोठे ऑपरेशन झाले. आपण पंचवीसजण डबे घेऊन गेलो. कोणी खाटेवर बसले, कोणी टाके विचारीत पांघरूण सारले. आम्ही स्वतः बसमधून उतरून तसेच त्यांच्या कपाळावर हात ठेवला. पुढे जखमेत जंतुसंसर्ग झाला, पहिली दोन औषधे लागू पडली नाहीत, आणि त्या चाळीस दिवस अंथरुणास खिळल्या. तो संसर्ग कोणाच्या हातून गेला, हे सांगता येत नाही. आमच्या हातून गेला नाही, हेही सांगता येत नाही.

परमुलखात आपणच एकमेकांचे गणगोत. भेटीस जाऊ नका, असे आम्ही कसे म्हणावे? परंतु दिवसाकाठी दोघांनीच जावे, खोलीत शिरताना व निघताना हात धुवावेत, खाटेवर बसू नये, आणि सर्दी-खोकला असलेल्याने डबा दाराशीच द्यावा. पाळी लावण्यासाठी एक वही चिटणीसांकडे दिली आहे. तो जुना डबाही आम्ही रिकामा केला. सध्या त्यात सुईदोरा असतो.