आपली माहिती कोणी पाहिली?



आज मला एस्टोनिया या देशाबद्दल बोलायचं आहे. बाल्टिक समुद्राकाठचा हा देश १९९१ साली सोव्हिएत संघातून मोकळा झाला. लोकसंख्या चौदा लाखांच्या आत, म्हणजे आपल्या पुणे शहराच्या निम्म्याहूनही कमी. हातात पैसा नव्हता, जुनी यंत्रणा मोडकळीला आलेली. १९९६ साली त्यांनी ‘व्याघ्रझेप’ नावाची योजना जाहीर केली आणि शाळाशाळांत संगणक व इंटरनेट पोहोचवायला घेतलं. सुरुवात शाळेपासून झाली, हे लक्षात ठेवा.

२००२ पासून तिथे चिप असलेलं ओळखपत्र आलं. त्याला दोन गुप्त क्रमांक असतात. एकाने आपली ओळख पटते, दुसऱ्याने सही होते, आणि ही सही कागदावरच्या सहीइतकीच कायदेशीर असते. डॉक्टर औषधाची चिठ्ठी संगणकावर लिहितात. माणूस कुठल्याही औषध दुकानात ओळखपत्र दाखवून औषध घेतो. आयकराचा फॉर्म बराचसा आधीच भरलेला समोर येतो. तो तपासायचा आणि मान्य करायचा. म्हणजे तिथला सामान्य माणूस इंटरनेट वापरतो तो सरकारी खिडकीसमोरची रांग टाळण्यासाठी.

मतदानही होतं. २००५ च्या स्थानिक निवडणुकीत इंटरनेटवरून मत देण्याची सोय आली, २००७ मध्ये संसदेच्या निवडणुकीत. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं इंटरनेटवरून पडली. कुणी म्हणेल, घरात बसून मत द्यायचं, तर शेजारी उभं राहून कुणी दटावलं तर? त्यावर त्यांनी तोड काढली. मुदत संपेपर्यंत मत कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं तेवढं मोजलं जातं. आणि मतदान केंद्रावर जाऊन कागदावर मत दिलं, तर इंटरनेटवरचं रद्द होतं. ज्याच्यावर दबाव येऊ शकतो, त्याचा विचार नियम करतानाच केला.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. तिथल्या सरकारी खात्यांची माहिती एका ठिकाणी गोळा करून ठेवलेली नाही. प्रत्येक खात्याची नोंद त्याच्याकडेच राहते, आणि २००१ साली उभ्या केलेल्या ‘एक्स-रोड’ या व्यवस्थेतून गरजेपुरती देवाणघेवाण होते. नागरिक सरकारी पोर्टलवर जाऊन आपली माहिती कोणत्या खात्याने केव्हा पाहिली, हे बऱ्याच नोंदींबाबत बघू शकतो. कारण पटलं नाही तर जाब विचारू शकतो. सरकार आपल्याकडे पाहतं, तसं आपणही सरकारकडे पाहू शकतो.

म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. २००७ साली बँका, वृत्तपत्रं आणि सरकारी संकेतस्थळांवर मोठे सायबर हल्ले झाले. २०१७ मध्ये सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष निघाला. सरकारने तो लपवला नाही, लोकांना सांगितला, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या कार्डांचा ऑनलाइन वापर थांबवला.

आणखी एक बाजू आपण अल्पसंख्य समाजातल्या मुलामुलींनी तरी विसरू नये. एस्टोनियात सुमारे एक चतुर्थांश लोक रशियन भाषक आहेत. १९९१ नंतर त्यांतल्या अनेकांना आपोआप नागरिकत्व मिळालं नाही. भाषेची परीक्षा द्यावी लागली. आजही हजारो लोक कोणत्याच देशाचे नागरिक नाहीत. त्यांच्या खिशातही तसंच चिप असलेलं कार्ड आहे, औषधं मिळतात, सही चालते. पण संसदेसाठी मत देता येत नाही. नेटवर्क प्रत्येकाच्या घरी पोहोचलं, हक्क नाही पोहोचला. तो कायद्यानेच मिळतो आणि त्यासाठी बोलावंच लागतं.

आता आपलं बघू. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली सांगितलं. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. पण वस्तीत काय चालतं? स्कॉलरशिपचा फॉर्म सेवा केंद्रावर भरला जातो, मोबाइल नंबर केंद्रवाल्याचा, पासवर्ड त्याच्याच वहीत. मुलीच्या हातात फक्त पावती. पुढे अर्ज अडला, तर तो कुठे अडला हे तिला कळायला मार्ग नसतो.

म्हणून माझं तुम्हाला तीन कामांचं सांगणं आहे. एक, फॉर्म कुणीही भरो, नंबर आणि पासवर्ड स्वतःचाच हवा. दोन, आधारच्या संकेतस्थळावर आपल्या आधारची पडताळणी केव्हा केव्हा झाली, याची गेल्या सहा महिन्यांची नोंद बघता येते. ती स्वतः बघा, आणि अम्मी-अब्बांनाही दाखवा. तीन, अर्ज अडला तर हात जोडून विनंती करत फिरू नका. माहिती अधिकारात लेखी विचारा: माझा अर्ज कोणाकडे आहे, आणि किती दिवसांपासून?

रोज तासन्‌तास मोबाइल आपल्या हातात असतोच. त्यातली दहा मिनिटं या प्रश्नांसाठी काढा.