भोळा कोण आणि चोर कोण?
(डिंगोरे इथल्या बैठकीत केलेलं भाषण)



बाजारात फसणाऱ्याला लोक काय म्हणतात, ते आपल्याला पाठ आहे. बकरा, मामा, येडं. ‘त्याला टोपी घातली’ म्हणून हसतात. टोपी घालणाऱ्याला मात्र कुणी नावं ठेवत नाय. तो हुशार.

आपण हिरडा घेऊन खाली उतरलो की ‘भोळी माणसं’. काट्यात मारलं तरी भोळी, भावात मारलं तरी भोळी. तीच माणसं आज्या-पणज्यापासून कसलेल्या वावरात नांगर घालायला गेली की ‘अतिक्रमणवाले’, ‘जंगलतोडे’. एकच माणूस सकाळी भोळा आन् संध्याकाळी चोर कसा काय होतो? घ्यायचं असतं तेव्हा भोळा म्हणायचं, हाकलायचं असतं तेव्हा चोर म्हणायचं.

हे आजचं नाय. आपल्या जुन्या माणसांनी सावकाराच्या कागदावर निशाणी केली. आत काय लिहिलंय ते सावकारालाच ठाऊक. १८७५ साली याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, शेतकऱ्यांनी सावकारांच्या कागदांची होळी केली. त्याच काळात आंबेगावच्या डोंगरातला, जांबोरीचा होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला. सरकारनं त्याला दरोडेखोर ठरवलं. आपण त्याला क्रांतिकारक म्हणतो.

आता २००६ चा वनहक्क कायदा सरकारच म्हणतो, आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा तिच्यावर हक्क आहे. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाय. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबसुद्धा पुरावा धरतात. मग आम्ही अतिक्रमणवाले कसे?

एक गोष्ट आपल्याच घरातली. गावात कोंबडी हरवली की आपणही पहिलं नाव वाडीवरल्या कातकऱ्याचं घेतो. आपल्याला लावलेला शब्द आपण खाली ढकलतो. तेही बंद झालं पाहिजे.

म्हणून ठरवू या. कोऱ्या कागदावर सही नाय, अंगठा नाय. कागद आला की ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा, समजला नाय तर पुन्हा वाचायचा. दावा नाकारला तर कारण लेखी मागायचं आणि साठ दिवसांत अपील करायचं. विचारायला लाजायचं नाय. विचारणारा येडा नसतो.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!