पहिला डेक घेताना



लग्नसराई लागली की मंगरूळपीरच्या कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर संध्याकाळी वरात असतेच. पिकअपवर बेस आणि टॉपचे बॉक्स रचलेले असतात, सोबत जनरेटर असतो, आणि लॅपटॉपपुढे वीस-बावीस वर्षांचा पोरगा उभा असतो. शिवजयंती, १४ एप्रिल, गणपती, नवरात्र अशी वर्षभर त्याच्या हाताला कामे येत राहतात. त्याच्याकडे पाहून दहावी-बारावीतल्या कित्येक मुलांना वाटते, आपणही डीजे व्हावे. आजचे बोलणे त्या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी आहे. सोयाबीनचे पैसे हाती आले की घरात हा विषय निघतो, आणि मुलगा बहुधा बॉक्सची आणि मशीनची किंमत सांगतो.

बॉक्स घेऊ नका. गाडी, बॉक्स, मशीन, जनरेटर हा भाड्याचा धंदा आहे. त्याचा खर्च लाखांत जातो आणि कर्जाचा हप्ता पावसाळ्यातही थांबत नाही. गाणे वाजवण्याची कला वेगळी आहे. एक गाणे संपण्याआधी दुसरे त्याच्याच लयीत आणायचे, नाचणाऱ्याचे पाऊल चुकू द्यायचे नाही, आणि गर्दी पाहून पुढचे गाणे ठरवायचे, ही ती कला. ती शिकायला दोन डेक, म्हणजे एकेक गाणे वाजवणारी दोन यंत्रे, एक हेडफोन आणि लॅपटॉप एवढे पुरते.

डेक दोन का लागतात? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या तरुणाने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत गाणी वाजवली. तो मूळचा जमैकाचा. गाण्यात नुसता ताल वाजतो तो तुकडा आला की लोक जास्त नाचतात, हे त्याने हेरले होते. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तुकडा लांबवण्याची युक्ती त्याने रूढ केली. हिप-हॉपचा जन्म लोक त्या पार्टीपासून मोजतात. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ साली, जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स एसएल-१२०० हे टर्नटेबल बाजारात आणले होते. त्याची तबकडी पट्ट्यावर नाही, थेट मोटरवर फिरते. हाताने थांबवून सोडली की ती लगेच पूर्ण वेग पकडते. म्हणून जगभरच्या डीजेंनी ते उचलले.

हा इतिहास ऐकून टर्नटेबलच घ्यावेसे वाटेल. ते यंत्र मलाही फार आवडते, पण इथल्या नवशिक्याने सध्या त्याच्या वाटेला जाऊ नये. टेक्निक्सच्या नव्या एका टर्नटेबलची किंमत लाखाच्या घरात जाते. तशी दोन लागतात, वर मिक्सर, सुया आणि रेकॉर्ड्स. आपल्याकडे वाजणारी आजची गाणी रेकॉर्डवर मिळत नाहीत. चालत्या गाडीवर सुई उडते आणि बेसच्या हादऱ्याने आवाज घुमतो. स्वस्तात मिळतात ती पट्ट्यावर चालणारी टर्नटेबले घरी बसून गाणी ऐकायला ठीक, पण हाताने मागे-पुढे करायला निरुपयोगी. कुणाला पुढे ती वाट धरायचीच असेल, तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: मोटर थेट आहे की पट्ट्याची?

मग उरतो कंट्रोलर. दोन गोल चकत्या, म्हणजेच दोन डेक, आणि मध्ये मिक्सर असे हे छोटे यंत्र लॅपटॉपला जोडतात. हर्क्युलिसचा इनपल्स २००, पायोनिअर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ अशी नवशिक्यांसाठीची मॉडेल्स मिळतात. साधारण पंधरा ते पस्तीस हजारांत काम होते. दिव्यांच्या झगमगाटाला भुलू नका. पहिल्यांदा बघा, आत साउंड कार्ड आहे का. लोकांना एक गाणे ऐकू जात असताना पुढचे गाणे आपल्या कानात लावून पाहता आले पाहिजे, त्यासाठी आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा लागतात. पायोनिअरच्याच डीडीजे-२०० मध्ये साउंड कार्ड नाही. फोनवर वाजवताना त्याला फाटा असलेली वायर लावून भागवावे लागते. मग वेग कमी-जास्त करायची पट्टी बघा. ती जितकी लांब, तितकी लय बारीक जुळवता येते. माइकची जागा असलेली बरी, कारण लग्नात सूचना द्यायला माइक हातात येतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचे. या यंत्रांवर ‘सिंक’ नावाचे बटण असते. ते दाबले की दोन गाण्यांची लय आपोआप जुळते, असे सांगतात. आजच्या संगणकावर बनलेल्या गाण्यांत जुळतेही. पण आपली जुनी लोकगीते, लावण्या, भीमगीते, वाद्यवृंदासोबत ध्वनिमुद्रित झालेली चित्रपटगीते माणसांनी एकत्र बसून वाजवली आहेत. ढोलकीवाला कडव्यात थोडा सैल असतो, तिहाईला चढतो. लय सरकत राहते आणि बटण चुकते. त्यात लॅपटॉपवरची डीजेची सॉफ्टवेअर चार-चारच्या मोजणीवर बेतलेली असतात. दादऱ्याच्या सहा मात्रा आल्या की त्यांचा हिशेब बिघडतो, कधी लय दुप्पट दाखवतात, कधी निम्मी. तिथे सम कुठे आहे ते कानालाच कळावे लागते.

हा कान आपल्या मुलांकडे आहे. भजनात टाळ धरलेला, दर्ग्याच्या संदलमध्ये ढोल वाजवलेला, तांड्यावर होळीला लेंगी म्हटलेला मुलगा लय घेऊनच मोठा होतो. त्याने सिंकचे बटण चिकटपट्टीने झाकावे आणि वेगाची पट्टी हाताने सरकवून लय जुळवायला शिकावे. टेक्निक्सच्या पट्टीला वर-खाली ८ टक्के जागा असते, म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांचे गाणे ९२ ते १०८ पर्यंत नेता येते. रेकॉर्डवर वेग सुमारे ६ टक्के वाढवला की गाणे पांढरी एकवरून काळी एकवर चढते, गायकाचा आवाज बदलतो. कंट्रोलरमध्ये स्वर जागेवर ठेवण्याची सोय असते. तरी ती फार ताणली की आवाज फाटका येतो, म्हणून मुळातच जवळच्या लयीची गाणी शेजारी लावावीत.

सॉफ्टवेअर चोरीचे वापरू नका. ऐन वरातीत ते बंद पडले तर लोक सॉफ्टवेअरला विचारत नाहीत, तुम्हाला विचारतात. ‘मिक्स’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालते. कंट्रोलरसोबतही एखाद्या सॉफ्टवेअरची साधी आवृत्ती बहुधा मिळते. वीज गेली तरी यूएसबीवर चालणारा कंट्रोलर लॅपटॉपच्या बॅटरीवर सुरू राहतो, तेव्हा अशाच प्रकारचा घ्या. जनरेटरच्या विजेवर लॅपटॉप थेट लावू नका, मध्ये यूपीएस हवा. मे महिन्याच्या उन्हात लॅपटॉप तापून बंद पडतो, त्याला सावली द्या. मळणीच्या दिवसांतली धूळ फेडरमध्ये, म्हणजे सरकत्या पट्ट्यांमध्ये, शिरते आणि आवाज खरखरतो, तेव्हा काम झाले की यंत्र झाका.

अकोला-अमरावतीकडे जुना कंट्रोलर मिळाला तर जरूर बघा. प्रत्येक फेडर हळू सरकवून हेडफोनमध्ये खरखर ऐका, यूएसबीची वायर हलवून पाहा, दोन्ही चकत्या फिरवा. ते मॉडेल आजच्या सॉफ्टवेअरवर चालते का, हे पैसे देण्याआधी लॅपटॉप जोडून तपासा.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो वाजवता येत नाही. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी शासन १२ पर्यंत सूट देते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ऑर्डर घेतानाच यजमानाशी हे बोलून घ्या.

आणि कानांचे सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही. ८५ डेसिबलमध्ये ८ तास काम करणे ही सुरक्षिततेची सीमा मानतात, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटे उरते. बॉक्सजवळ उभा असलेला मुलगा त्याहून कितीतरी जास्त वेळ तिथे असतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि या कामात तर तीच भांडवल आहे. मुलाला कंट्रोलर घेऊन द्याल त्याच दिवशी कानात घालायच्या बोळ्यांची जोडी घेऊन द्या, आणि पहिल्या वरातीपासून ती त्याच्या कानात असेल हे स्वतः बघा.