आधी काय आहे ते लिहून काढू या
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आठवणी सगळ्यांनी सांगितल्या, आणि माझ्यापेक्षा चांगल्या सांगितल्या. मी निधीच्या आवाहनपत्राबद्दल बोलते. शाळेत संगणक कक्ष करायचा, त्यासाठी बाहेरूनही मदत मागायची, हे ठरलं आहे आणि मला मान्य आहे. माझी हरकत पत्राच्या पहिल्या वाक्याला आहे. 'अतिदुर्गम, मागास, नक्षलग्रस्त जिल्ह्यातील गरीब विद्यार्थ्यांसाठी...' असं ते सुरू होतं.

आरमोरी अतिदुर्गम कधीपासून झाली बाप्पा? आपला जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणजे आपण जिल्ह्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. तो जन्मला तेव्हापासून त्याची ओळख याच शब्दांत करून दिली जाते आणि आता आपणही तीच करून देतो आहोत. उणिवा नाहीत असं मी म्हणत नाही. आपल्या शाळेच्या दिवसांत साऱ्या जिल्ह्याला रेल्वे स्टेशन एकच होतं, वडसा. भामरागड-एटापल्लीकडच्या लोकांचे हाल तर आपल्याला कल्पनेनंही कळायचे नाहीत. पण हे पत्र शाळेच्या फलकावरही लागणार आहे. आठवीतली पोरगी ते वाचेल, आणि आपल्या गावाबद्दल मोठ्या झालेल्या लोकांना एवढंच सांगता आलं, हे तिला कळेल.

माझ्या कामात एक शिस्त असते. एखाद्या बँकेची जुनी संगणक प्रणाली बदलायची असली, तर नवीन काय हवं हे विचारण्याआधी जुन्यात काय काय चालू आहे ते लिहून काढावं लागतं. वीस वर्षं कोणी हात न लावलेल्या कोपऱ्यात नेमकं महत्त्वाचं काम चालू असतं. तेच गावाला लावून पाहू.

टसर घ्या. आरमोरीचा कोसा आपण लग्नाकार्यात मिरवतो, पण तो होतो कसा हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तुतीच्या रेशमाची अळी घरात, ट्रेमध्ये वाढते. टसरची अळी उघड्या रानात, ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर वाढवावी लागते. पाऊस, मुंग्या, गांधीलमाश्या, पाखरं, सगळ्यांपासून तिला राखायचं. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट डहाळी कापून दुसऱ्या झाडावर न्यायची. चार वेळा ती कात टाकते. त्या वेळी तिला हात लावायचा नसतो. कोणती अळी मंद खाते, कोणतीचा रंग उतरला, हे रोज नजरेनं टिपायचं, कारण एक रोगी अळी झाडावरच्या बाकीच्यांना घेऊन जाते. आपल्याकडे हे काम पिढ्यानपिढ्या ढिवर समाजातल्या घरांनी केलं. नदीत आणि तळ्यात मासेमारी, रानात कोसा.

फ्रान्समध्ये रेशमाच्या किड्यांवर रोग आला होता म्हणून १८६५ मध्ये लुई पाश्चरला पाचारण केलं. अंडी घालून झालेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि ती निरोगी असेल तरच तिची अंडी ठेवायची, ही पद्धत त्यानं घालून दिली. रेशमाच्या बीजकेंद्रांत आजही तेच करतात. जीवशास्त्राच्या तासाला आपण पाश्चर पाठ केला, गुण मिळवले. त्याचं शास्त्र रोज वापरणारी माणसं आपल्याच गावाच्या आसपास होती आणि त्यांची पोरं आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसत होती. त्यांना वर्गात कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. सरकारी यादीत या माणसांसाठी एकच शब्द असतो, 'लाभार्थी'. 'जाणकार' असा रकाना मी अजून कुठल्या अर्जात पाहिलेला नाही.

नदीपलीकडचं उदाहरण तर साऱ्यांना माहीत आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरी शिकलेले. १९८३ साली आपल्याच बांधीतल्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या राखून, वर्षानुवर्षं निवडत त्यांनी जे वाण केलं त्याला त्या काळच्या घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. २००५ मध्ये त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला, पण त्याआधीच तो तांदूळ कितीतरी घरांच्या ताटात पोचला होता, आणि खाणाऱ्याला त्यांचं नाव माहीत नव्हतं. पुण्यात माझ्या सोसायटीतल्या दुकानदाराला मी सांगितलं, तर त्याला आधी खरंच वाटेना.

गुत्त्यानं रोवणा घेणाऱ्या बायांची मुकादमीण किती बांध्या, किती बाया, किती दिवस हा हिशोब उभ्या उभ्या करते. दिवाळीनंतर वडशाच्या कंपनीचं नाटक ठरवणारी गावातली पोरं एका रात्रीसाठी मंडप, वीज, तिकीट, पाहुण्यांची जेवणं असं सगळं सांभाळतात. आम्ही त्याला ऑफिसात 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट' म्हणतो आणि त्याचे पगार घेतो.

१९९३ मध्ये शिकागोकडच्या क्रेट्झमन आणि मॅकनाइट या दोघांनी एक पुस्तक लिहिलं. वस्तीच्या गरजांची यादी करण्याआधी तिथल्या माणसांना काय काय येतं त्याची यादी करा, असा त्यांचा आग्रह होता. गरजांच्या यादीतून बाहेरचा तज्ज्ञ येतो आणि गावातली माणसं रांगेत उभी राहतात. ते अमेरिकेतल्या वस्त्यांबद्दल लिहीत होते, पण मला वाचताना आपला बाजारचौक दिसत होता.

तेव्हा माझी सूचना अशी. संगणक कक्ष होऊ द्या. मात्र त्यातलं पहिलं काम आठवी-नववीच्या मुलांनी करावं: आरमोरीत कोणाला काय येतं याची नोंद. कोसा काढणारी, जाळं विणणारा, मोहफुलं वाळवून टिकवणारी, नाटकाचे पडदे रंगवणारा. घरोघरी जाऊन विचारायचं, त्यांच्याच शब्दांत लिहायचं, त्यांची परवानगी घ्यायची. यातली बरीच माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे पुढच्या मेळाव्यापर्यंत थांबणं परवडणारं नाही. त्या नोंदीतल्या दोघा-तिघांना दर महिन्याला वर्गात बोलवायचं, आणि मानधन द्यायचं. गुरुजनांना विनंती, की त्या तासाला 'अवांतर' म्हणू नका.

पत्राचं पहिलं वाक्य मी असं लिहून आणलं आहे: 'टसर, धान आणि नाटक जाणणाऱ्या आरमोरीतील विद्यार्थ्यांसाठी संगणक हवे आहेत.' याहून चांगलं कोणाला सुचलं तर आजच सांगा, पत्र सोमवारी छापायला जायचं आहे. पहिल्या पन्नास घरांची वाटणी करायची वही मी आणली आहे, ती जेवणाच्या मंडपात ठेवते. ज्यांचं घर अजून गावात आहे त्यांनी आपल्या गल्लीचं नाव त्यात लिहावं.