निवांत सुटीचा बेत : दाराशींचें माथेरान

सुटी कोठें घालवावी हा प्रश्न घरांत निघाला म्हणजे प्रथम ठिकाणांचीं नांवें पुढें येतात, मागाहून खर्चाचा हिशेब येतो, आणि सुटींत नेमकें हवें आहे काय, हा विचार बहुधा राहूनच जातो. विश्रांतीसाठीं निघालेलें कुटुंब मग एका गर्दींतून उठून दुसऱ्या गर्दींत जाऊन बसतें व अधिकच थकून परत येतें.

युरोपांत हिवाळ्यामध्यें बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठीं लोक आल्प्स पर्वतांत जातात. त्यांतील कांहीं कुटुंबें मोठीं, गजबजलेलीं ठिकाणें टाळून मुद्दाम लहान गांव निवडतात. स्वित्झर्लंडमधील म्युरेन हें असेंच एक गांव. तें सुमारें १,६४० मीटर उंचीवर, एका कड्याच्या माथ्यावर वसलेलें आहे. पाहुण्यांना तेथें मोटार नेतां येत नाहीं. ती खालच्या दरींत ठेवून पाळण्यानें किंवा आगगाडीनें वर जावें लागतें. खुणेच्या काठ्यांमधून वळणें घेत उतरण्याच्या शर्यतीला आर्नोल्ड लन यानें १९२२ सालीं येथेंच आधुनिक रूप दिलें. एवढें नांव होऊनहि गांवाचा लहानपणा टिकला आहे. झेरमाट या विख्यात गांवाकडे जाणाऱ्या पाहुण्यांच्या मोटारीहि अलीकडच्या टेश गांवींच थांबतात. तेथील शांतता ही निव्वळ निसर्गाची देणगी नव्हे. ती एका नियमाचें फळ आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील कुटुंबांना बर्फ दूरचें; परंतु मोटारीवांचून नांदणारें डोंगरावरील गांव त्यांच्या दाराशींच आहे. सकाळची कर्जतकडे जाणारी लोकल धरावी, वांगणी व शेलू मागें टाकावीं, कीं अर्ध्या-पाऊण तासांत नेरळ येतें. आणि नेरळच्या डोक्यावर सुमारें ८०० मीटर उंचीवर माथेरान आहे. जवळपणामुळेंच या ठिकाणाचा नीट बेत आंखण्याची गरज कोणास वाटत नाहीं. ‘रविवारीं जाऊन येऊं’ असें म्हणून लोक निघतात, आणि रविवारीं सारेच निघालेले असतात!

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० सालीं या डोंगरावर चढले व तेव्हांपासून हवेचें ठिकाण म्हणून माथेरानचें नांव झालें. ठाकर आणि धनगर यांच्या पायांखालची ती वाट अर्थातच त्याहून जुनी. पुढें सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें सुमारें १६ लक्ष रुपये खर्चून नेरळपासून वर छोटी आगगाडी नेली. तिचें काम १९०७ सालीं पुरें झालें. या लोहमार्गाच्या रुळांतील अंतर अवघें दोन फूट, आणि सुमारें २१ किलोमीटरांचा सारा मार्ग वळणावळणांचा. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशीं स्टेशनें घेत ती सावकाश चढते. ज्याला पोहोंचण्याची घाई आहे त्यानें या गाडीच्या वाटेस जाऊं नये. परंतु लहान मुलांना तिच्या खिडकींत बसवून ज्यानें एकदां हा घाट पाहिला, त्याच्या सुटीचा आरंभ नेरळलाच होतो.

बेत आंखतांना पहिला विचार ऋतूचा. पावसाळ्यांत माथेरान धुक्यानें व धारांनी भरून जातें. त्या दिवसांत नेरळपासूनची गाडी बंद असते. वरच्या टप्प्यांत अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालू ठेवितात. घाटांतील पाऊस काय करूं शकतो हें जुलै २००५ च्या अतिवृष्टीनें दाखविलें. तेव्हां वाहून गेलेला मार्ग पुन्हा चालू होण्यास २००७ साल उजाडलें. २०१९ च्या पावसानंतरहि मार्ग असाच बंद पडला, आणि नेरळहून थेट गाडी सुटूं लागली ती ऑक्टोबर २०२२ मध्यें. मे महिन्यांत शाळांच्या सुट्या, आणि म्हणून गर्दीचा कळस. वृद्ध माणसें व मुलें यांना घेऊन निवांत राहावयाचें असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम : हवा कोरडी, संध्याकाळ गार, आणि दूरवरचे डोंगर स्पष्ट.

दुसरा विचार वारांचा. शनिवार-रविवारचें माथेरान आणि मंगळवार-बुधवारचें माथेरान हीं जणूं दोन निराळीं गांवें आहेत. दोन दिवसांची रजा सोमवारला जोडण्याऐवजीं आठवड्याच्या मध्यें घ्यावी आणि निदान दोन रात्री मुक्काम करावा. सकाळीं येऊन संध्याकाळीं परतणाऱ्याला घोडे, दुकानें व रांगा तेवढ्या दिसतात. रात्रीं बाजार मिटल्यावर झाडींत उतरणारी शांतता त्याच्या वांट्याला येतच नाहीं.

तिसरा विचार वाटेचा, आणि त्यांतच खरी अडचण आहे. छोट्या गाडींत जागा थोड्या असल्यामुळें अनेकजण टॅक्सीनें दस्तुरी नाक्यापर्यंत जातात. तेथून पुढें मोटारीला बंदी आहे. केंद्र सरकारनें २००३ सालीं माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून जाहीर केल्यापासून या बंदीला अधिकच बळ आलें. धडधाकट माणूस तांबड्या मातीच्या वाटेनें पाऊण-एक तासांत बाजारांत पोहोंचतो. सामान हमाल घेतात. परंतु गुडघे दुखणाऱ्या आजीनें काय करावें?

शंभराहून अधिक वर्षें या प्रश्नाला एकच उत्तर होतें : माणसानें ओढावयाची रिक्षा. चढावर एक माणूस पुढें ओढतो, दुसरा मागून ढकलतो आणि तिसरा मध्यें बसतो. पाहुण्यानें हें पाहून मान वळवावी, एवढेंच घडत असे. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विजेवर चालणाऱ्या मोजक्या रिक्षांना प्रयोगादाखल अनुमति दिली. ऑगस्ट २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें माणसानें माणसास ओढण्याची प्रथा मनुष्याच्या प्रतिष्ठेला बाधक ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचें पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. मोटारबंदी मोडली तर गांवाचें गांवपण जाईल, आणि हातरिक्षा राहिली तर माणसाचें माणूसपण जाईल, अशा पेचांतून काढलेली ही वाट आहे. म्हणून कुटुंबप्रमुखानें निघण्यापूर्वींच वृद्धांच्या प्रवासाची चौकशी करावी : वरची गाडी कोणत्या वेळीं आहे, विजेची रिक्षा मिळेल कीं नाहीं, आणि राहण्याची जागा स्टेशनापासून किती दूर आहे. सामान हलकें असावें, कारण तें कोणाच्या तरी डोक्यावरच चढणार. हमालाची मजुरी व घोड्याचें भाडें आधीं ठरवावें, आणि एकदां ठरल्यावर घासाघीस करूं नये.

घरांतून नेण्याच्या वस्तु थोड्या : रुळलेले जोडे, एक विजेरी, लोकरीचें एखादें वस्त्र. खाण्याच्या पुड्या उघड्या हातांत नेऊं नयेत. माकडें त्या हिसकावून घेतात. रिकाम्या बाटल्या व पिशव्या परत आणाव्या. शार्लट तलावाकांठीं टाकलेला कचरा दृष्टीआड झाला तरी नाहींसा होत नाहीं.

एवढी तयारी करून गेलेलें कुटुंब दुसऱ्या दिवशीं पहांटे पॅनोरमा पॉइंटकडे चालत निघालें, तर तासाभरानें खालीं नेरळ व उल्हास नदीचें खोरें उजेडांत उघडत जातांना दिसतें. त्याच खोऱ्यांत पुढें बदलापूर आहे, अंबरनाथ आहे, लोकलची धांवपळ आहे. तेथें रोज पहांटे गाडीच्या वेळेनें उठणाऱ्या माणसाला येथें घड्याळाची आठवण होत नाहीं. या वाटेवर कोणी कर्णा वाजवीत नाहीं, आणि मुलें आपण होऊन हळू बोलूं लागतात. ही शांतता पुढच्या पाहुण्यासाठीं तशीच मागें ठेवून उतरणें, हाहि त्या बेताचाच भाग समजावा.